पाणसळ

लिंटलच्या उंचीवरून पडलो, म्हणजे फार नाही.
घाडींच्या मागच्या भिंतीला परांचीचा वासा निसटला
आणि डोकं आपटलं ते मीच तासून ठेवलेल्या चिऱ्यावर.
ओरोसला सहा टाके. स्कॅन साफ.
मेंदूला काही नाही, म्हणाले, जा घरी.

घरी उजव्या कुशीवर वळलो
तर आढं फिरलं, कौलं फिरली,
दिवा खिडकीतून समुद्रात गेला आणि परत आला.
वीस मोजेपर्यंत. मग सगळं जागच्या जागी,
फक्त तोंडात आंबट पाणी.

पाणंदीतून गडग्याला हात लावत चालतो.
तिठ्यावरून आवाज येतो,
बुधाजी मेस्त्री सकाळीच टाकून इलो.
मी शिमग्यालाही घेत नाही. त्यांना ठाऊक आहे.

शेवंती उजवीकडे निजते, एकोणतीस वर्षं.
आता माझं तोंड भिंतीकडे.
ती काही म्हणत नाही. उशी दोनदा झटकते.

कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीमागे कान काढला:
तीन कमानी, आत पाणी, बाजूला चुन्याचे कण.
चुनाच? मी विचारलं.
चुनाच. मार लागून सुटलेत, भलत्या कमानीत शिरलेत.
माझा आजा खाडीतल्या शिंपल्या भाजून चुना करायचा,
नऊ दिवस भिजवल्याशिवाय भिंतीला लावू द्यायचा नाही.
हसू आलं. बाई रागावल्या, मान हलवू नका.

मग मला झटकन आडवं केलं, डोकं टेबलाबाहेर लोंबतं,
आधी इकडे, मग तिकडे, मग कुशीवर,
घमेलं कलतं करून
माल एका कडेला घेतात तसं.
दोन दिवस बरं.
तिसऱ्या दिवशी नारळ उतरलेत का बघायला मान वर केली.

रात्री पिशवीतून पाणसळ काढून उंबऱ्यावर ठेवली.
बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध.
म्हणजे घर सरळ आहे.
हे बरंच झालं, घर मीच बांधलंय.

आज अंगणाचा गडगा घातला, बसून, गुडघ्याइतका.
ओळंबा सोडला तर खाडीवरच्या वाऱ्याने झुलायला लागला.
पोरगा दोरी धरायला धावला.
हात लावू नको, म्हटलं, थांबेल तो.
शेवंती चहा घेऊन आली, माझ्या उजव्या बाजूने.
कप घ्यायला मान वळवायची होती.
आधी डोळे वळवले,
मग हनुवटी,
मग उरलेलं.