अनुमती द्या

फुकट आहे, मेहुणा म्हणाला,
पोरगी कॉलेजला जायला लागली की टाकावंच लागतं.
तिचे मेसेज तुझ्या फोनवर येतील,
तिला पत्तासुद्धा लागणार नाही.

समी अंघोळीला गेलेली. तिचा फोन चार्जिंगला.
ॲपनं विचारलं, संपर्क बघू का?
अनुमती द्या.
फोटो? अनुमती द्या.
कुठं असता, काय बोलता?
द्या. द्या.
वरची खोली भाड्यानं देताना
मी चार ठिकाणी चौकशी केलेली.
ह्याला गाव कुठलं तेवढंही विचारलं नाही.

बुधवारी लाइट नव्हती. वडगावात सगळे माग गप्प.
अशा शांततेत फोन वाजला की छातीत वाजतो.
मेसेज तिचा होता, हिरेमठांच्या पल्लवीला,
आणि कन्नडात.

कन्नड माझ्या तोंडात आहे,
सूत मागण्यापुरतं, भाव पाडण्यापुरतं,
बसमध्ये जागेसाठी भांडण्यापुरतं.
डोळ्यांत नाही.
बॉबिनीवरून सुटलेल्या धाग्यासारखी अक्षरं,
टोक कुठं ते सापडेना.
एक शब्द तेवढा ओळखीचा वाटला.
तो दुकानांच्या पाट्यांवर असतो,
पण त्याचा अर्थ मी कधी कुणाला विचारला नव्हता.

मग काय, चपला घातल्या.
यळ्ळूर रोडला मडिवाळप्पाचं रिचार्जचं दुकान.
म्हटलं, एवढं वाचून दाखव की.
त्यानं चष्मा वर केला
आणि मोठ्यानं वाचलं, त्याची सवयच तशी.
काउंटरवर आणखी दोघं होती,
एक सिमकार्डवाला, एक आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन.

उद्या पालकांची मीटिंग आहे,
मी घरी सांगितलंय की रद्द झाली.
मागच्या खेपेला सगळं कन्नडात बोलले,
आमचे बाबा नुसती मान हलवत होते,
बाई बोट ठेवेल तिथं सही करत होते.
मागच्या बाकावरच्या बायका हसल्या.
त्यांना दिसलं नाही. मला दिसलं.
आणि शेवटी,
अप्पग हेळब्याड.

हे मात्र वाचून घ्यावं लागलं नाही.
बाबांना सांगू नकोस.

आधारकार्डवाला झेरॉक्सकडं बघत राहिला.
मडिवाळप्पानं काच पुसायला घेतली, स्वच्छच होती.
मी विचारलं, किती झाले?
तो म्हणाला, वाचायचे कसले पैसे.
म्हणजे हेही फुकटच.

आठवड्यानं नोएडावरून फोन.
हिंदीत, फार गोड आवाज.
सर, आपकी बेटी समीक्षा,
गणितात जरा मागे आहे ना?
मी तर बायकोलासुद्धा बोललो नव्हतो.
समी बोलली असेल, पल्लवीला, रात्री,
पांघरुणाच्या आत, अंगठ्यानं.
दुसऱ्या दिवशी कानाच्या मशीनची जाहिरात.
मागाच्या खडखडाटात मी ओरडून बोलतो
हे त्याला कोणी सांगितलं?

मागाचं एक बरं असतं.
एक धागा तुटला की तो जागेवर थांबतो,
आपण जाऊन गाठ मारायची, पुढं चालू.
इथं काय तुटलं आणि कधी,
काहीच थांबलं नाही.

काढून टाकलं ते.
दोन्ही फोनांतून, मेहुण्यालाच बसवून.
जाताना ॲपनं विचारलं,
आपण का जात आहात? पाचपैकी किती तारे?
मेहुणा म्हणाला, गेलं की आता.
म्हटलं, आणि जे नेलं ते?
तो चहा फुंकत बसला.

फोन अजून येतात. आता बायकोलाही.

समी संध्याकाळी आली, दप्तर टाकलं,
म्हणाली, बाबा, मीटिंग रद्द झाली होती तुमची, बरं झालं ना,
दिवसाचं काम बुडलं असतं.
मी म्हटलं, बरं झालं.

रात्री कुलूप लावायच्या वेळी
परत मडिवाळप्पाकडं गेलो.
शटर अर्ध्यावर आलेलं, खाली वाकून म्हटलं,
मगळग हेळब्याड.
पोरीला सांगू नको.
तो आतून म्हणाला, छे छे, मी कशाला.
माणूस चांगला आहे. नाही सांगणार.

पण त्या दुसऱ्याला हे
कुठल्या भाषेत सांगायचं?