उभं की आडवं

पेटी आली मेच्या पहिल्या शनिवारी,
गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून,
पाच चौकटींचं बिऱ्हाड.
मोलेतायपासून घरापर्यंत मी रेडिओ लावला नाही.
मागे एकच सूर होता, वळणावर जरा चढायचा,
आणि प्रत्येक वळणावर मी म्हणत होते,
आलंच, आलंच घर.

पुस्तक पाठ होतं. हिवाळाभर दुसरं काय केलं?
झाकण कसं उचलायचं, धूर किती,
राणी कशी ओळखायची: लांबोडी, घाईत नसलेली.
पुस्तकातल्या माश्या अंगठ्याएवढ्या होत्या
आणि एका जागी बसायच्या.

आठवड्याने पेटी उघडली.
तळ्यावरून गार वारा,
वाळुंजाचे तुरे झडून गवतात सुरवंटांसारखे पडलेले,
डँडेलियन नुकते कुठे पिवळे.
धूरदाणीत वाळका पाला कोंबला,
भाता दाबला, दाबला,
मला माझेच हातमोजे दिसेनात.

"माश्या आहेत त्या, मासे नव्हेत! किती धुरी देशील?"

कुंपणापलीकडून. क्लेमेन्सास.
चार वर्षांत पहिलं वाक्य.
अबोला बर्चच्या झाडावरून.
त्याच्या बटाट्यांवर सावली पडते म्हणून
त्याने नगरपालिकेला पत्र धाडलं, मी उलट पत्र धाडलं,
झाड अजून तिथेच आहे,
दोघांकडे न बघता वाढतंय.

तो फाटकातून आला नाही.
कुंपणाची एक फळी सैल होती
(मला माहीत नव्हतं, त्याला होतं),
तिथून अंग चोरून आला, उघड्या हातांनी,
डोक्यावर लोकरी टोपी, जाळी नाही.
"सावकाश, रिमान्ते. तुझ्या घरात कुणी असं शिरलं तर?"

चौकट उपसताना माझ्या हातून एक माशी चिरडली.
अगदी बारीक आवाज, सुकी शेंग फुटावी तसा.
"वारली," तो म्हणाला.

आमच्या भाषेत गाय मरते, मांजर मरतं.
माणूस आणि मधमाशी, दोघांपुरतं
एक वेगळं क्रियापद राखून ठेवलंय.
जानेवारीत त्याच्या दारात गाड्या लागल्या होत्या.
मी पडद्याआडून मोजल्या. सात.
मग भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

"अंडी आहेत का बघ." त्याने चौकट माझ्याकडे दिली.
"मला आता सगळं धुकं. नुसता वास कळतो. आणि वजन."

ऊन खांद्यावरून घेत चौकट धरली,
नोकरीत धरत आले तशी:
छातीचे, गुडघ्यांचे एक्स-रे,
लोकांच्या आतल्या सावल्या.
वीस वर्षं मी शोधतेय, नको असलेलं काही.
घर, घर, रिकामं घर. पराग. मध. पुन्हा रिकामं.
राणी कुठेच नाही.
आणि मग एका घराच्या तळाशी
तांदळाच्या कणीहून बारीक
पांढरा एक टाका.

"आहे."
"उभं की आडवं?"
"म्हणजे?"
"पहिल्या दिवशी उभं असतं. मग कलतं.
तिसऱ्या दिवशी पडतं आडवं."

जाळीआड मी श्वास धरला.
"उभं."
"मग आज होती इथे."

यापुढे तो काय बोलला ते ऐकलं नाही,
कारण एक माशी जाळीच्या आत आली होती
आणि माझ्या डाव्या भुवईवर विचार करत बसली होती.

कांदा त्यानेच चोळला, शिव्या मी दिल्या.
मग झाकण, झाकणावर विटा दोन,
आणि तो आला तसा आडव्या अंगाने गेला.

आता डोळा मिटलाय पुरीसारखा फुगून.
उरलेल्या डोळ्याने खिडकीतून बघते:
पेटी गप्प, बर्च काळा, त्याच्या स्वयंपाकघरात एकच दिवा.
फळी अजून सैलच आहे.
हातोडी कुठे ठेवलीय, मला ठाऊक आहे.