खडूच्या खुणा

पाट फूटभर उंच.
त्यावर माझ्या पावलांभोवती खडूची रेघ,
लक्ष्मीची पावलं काढतात तशी,
फक्त ही घरात शिरत नाहीत,
थांबलेली आहेत.

"हालशो नहीं, शेलारकाका," मॉनिटर म्हणतो
आणि मोबाइलवर वीस मिनिटं लावतो.

पहिली पाच फुकटची.
तेवढं कोणीही उभं राहील,
वरातीत, रेशनला, साहेबाच्या केबिनबाहेर.
सहाव्या मिनिटाला उजव्या टाचेत
कोणीतरी हळूच कडी वाजवतं.

मग कळ निघते,
स्टेशनवरून सिटी बस निघावी तशी, थांबे घेत:
घोटा सयाजीगंज, पोटरी काळाघोडा,
गुडघा म्हणजे कोठी, तिथे बराच खोळंबा,
मांडीतून रावपुरा,
कमरेत न्यायमंदिरापुढची सगळी गर्दी.
आणि मांडवीला,
दोन खांद्यांमधल्या त्या चार दरवाजांच्या चौकात,
ती उतरते तेव्हा
अजून सात मिनिटं शिल्लक असतात.

डावा हात बांबूवर. सर म्हणाले, भाला समजा.
बांबू बांबूच राहतो.
बोटं आधी मुंग्यांची होतात
मग कोणाचीच नाहीत.

एक माशी येते.
तिला सगळं माहीत असतं.

आधी मी काचेच्या कारखान्यात होतो, भट्टीपुढे.
तिथे हलण्याचे पैसे मिळायचे, इथे न हलण्याचे.
शालनला हे सांगितलं तर म्हणाली,
"म्हणजे बसून खाण्याचे."
"उभं राहून," मी म्हटलं.
ती स्वतः पहाटे चारपासून खाखऱ्याच्या तव्यापुढे,
हातात लाकडी दट्ट्या, मान खाली,
इतकी वर्षं खाली
की आता आकाशात पतंग दाखवला
तर ती आधी पाठ मागे टेकायला भिंत शोधते.
तिचं चित्र कोणी काढत नाही.
रात्री मी तिच्या मानेला तेल लावतो, ती माझ्या गुडघ्याला.
बाटली एकच.

घरी जाताना पुलावर थांबतो.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर,
जबडा उघडा, सकाळी होती तशीच.
विचारावंसं वाटतं:
बाई, तुझी कंबर?

सुट्टीच्या पाच मिनिटांत पंचा गुंडाळून
मी चित्रं बघत फिरतो.
पंधरा फळ्यांवर पंधरा शेलार.
छाती भरदार, कोणी तर मला तरुणच केलेलं.
सगळे आरामात उभे आहेत,
कोणालाच काही दुखत नाही.
फक्त त्या कोपऱ्यातल्या डावखुऱ्या मुलीच्या कागदावर
उजव्या पायाची बोटं
पाटाच्या फळीत रुतलेली, आखडलेली,
बुडणाऱ्याने काठ धरावा तशी.
सरांनी तिथे लाल गोल केला होता:
पाऊल चुकलंय, पुन्हा बघ.
मी काही बोललो नाही.
बोलणं माझ्या कामात येत नाही.
पण पुढच्या वीस मिनिटांत
ती बोटं मी जरा जास्तच आवळून धरली.
तिने वर पाहिलं, मग पायाकडे,
मग स्वतःचा खांदा चोळला
आणि खोडरबर खाली ठेवलं.

सोमवारी पाट धुतलेला.
नव्या शिपायाचा उत्साह.
पोरांचा गोंधळ: काका, कुठे होता तुम्ही?
अजून डावीकडे. नाही, एवढं नाही.
फोटो कोणी काढला नव्हता,
काढले होते ते सगळे वेगवेगळे.

मी डोळे मिटले.
वजन उजव्या पायावर टाकलं,
टाच थोडी फिरवली, अजून थोडी,
कंबर सोडली, बांबू धरला.
काहीच नाही.
बोटभर मागे सरकलो.

कडी वाजली.

"बस, बस, आज!" सगळे एकदम ओरडले,
आणि मॉनिटर खडू घेऊन
माझ्या पायाशी वाकला.