किरकोळ

श्रावणीच्या भूगोलाच्या वहीत
मागची अकरा पानं कोरी होती.
तिथंच उभा केलाय आम्ही गाडा.
म्हणजे गाडा अजून नाही, नुसते आकडे.

जुना टेम्पो, अक्कलकोट रोडच्या गॅरेजवाल्याकडचा,
एक लाख नव्वद. पुढचे टायर बरे आहेत.
मागचे बघून घ्या, तो म्हणाला.
ते बघून घेणं अकरा हजाराला पडतं.
पत्रा, शटर, ओटा, तव्यावरचं धुराडं
वेल्डर मैनुद्दीन साठ सांगतो,
चहा पाजला की बावन्न.
पासिंग, विमा, अन्नाचा परवाना,
आणि परवान्यापायी पडतील ते चार खाडे.
ते कुठल्या रकान्यात घालायचे?
अंबादास म्हणतो, किरकोळ.

सगळं किरकोळमध्येच जातं.
मीठ, लायटर, हात पुसायची फडकी,
चैत्रातल्या दुपारचे पाण्याचे जार,
"लिहून ठेव" म्हणणारे त्याचे दोस्त,
गाडी जरा पुढं घे म्हणत
उभ्या उभ्या दोन भाकरी खाणारा कुणीतरी.
किरकोळ वाढत वाढत
टेम्पोएवढं झालं,
तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली.

जमेला काय, तर दोन माग.
एकवीस वर्षं मामंजींनी त्यांवर टॉवेल काढले.
भंगारवाल्यानं टॉवेलचं विचारलं नाही,
वजन विचारलं.
मामंजी त्या दिवशी मड्डी वस्तीत
पुतण्याकडं जाऊन बसले.
रात्री आले. किती भरलं?
सांगितलं.
"काट्यात मारलं त्यानं," म्हणाले,
आणि जेवायला बसले.

रोजचं असं:
साठ भाकरीला सहा किलो मालदांडी.
वांगी, बेसन, तेल.
शेंगा जरा जास्तच धरल्या,
चटणीला हात आखडला तर
सोलापूरचा माणूस ताटावरनं उठतो,
परत येत नाही, आणि चौघांना सांगतो.
सिलिंडर धंद्याचा, मोठा. त्याला घरच्या सिलिंडरची माया नाही.
ताट साठ रुपये.
चाळीस ताटं गेली तर गाडा जगतो,
पंचावन्न गेली तर आपण.

पेंटर अक्षरावर घेतो.
साठ रुपये अक्षर, जोडाक्षर दीडपट.
अंबादासला बापाचं नाव पाहिजे:
मल्लेशम भाकरी केंद्र. सहाशे.
मी केंद्र खोडलं.
भाकरी गोल आहे, केंद्र तिच्यातच आलं.
दीडशे वाचले.
ल्ले मात्र राहू दिला, दीडपटीसकट.

मग वरून खालपर्यंत दोनदा वाचलं.
डिझेल होतं. तव्याची झीज होती,
ती मीच घातली होती.
थापणाऱ्या हातांचं काही नव्हतं.
हजार विड्या वळते मी दिवसाला,
चेकर छाट काढतो, तोंड वाकडं करतो,
तरी उरलेल्यांचे पैसे कार्डावर चढतात.
"घरचंच तर आहे," अंबादास म्हणाला.
टेम्पो पण घरचाच होणार, म्हटलं,
त्याला डिझेल घालू नको मग.

तो हसला.
मग हसायचा थांबला.
कंपासमधला निळा पेन काढून
त्यानं माझ्यासाठी एक आकडा लिहिला,
विडीएवढाच. वर नाही, खाली नाही.
चाळीसची सत्तेचाळीस झाली.
आता सात रस्त्याला उभं राहायचं
की होटगी रोडला बँकेसमोर,
याच्यावरून परत नवं पान.

श्रावणी वही मागते,
सोमवारी बाई तपासणार आहेत.
पानं फाड म्हणाली. नाही फाडली.
बाईंनी मागून उघडली तर उघडू दे.
पुढं तिनं लिहिलेलंच आहे,
सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून:
सोलापूर जिल्हा. मुख्य पीक, ज्वारी.