नकाशाचा उजवा कोपरा

महाल झोन, रेकॉर्ड रूम. मे महिना, कूलरला पाणी नाही.
श्रावण म्हणाला, साहेब, हे गठ्ठे आता उंदरांच्या नावावर करून टाका.
मला फक्त इतवारीच्या शाळेचा मूळ नकाशा हवा होता;
पाडकामाच्या फाइलीला तो जोडावा लागतो.

सापडला. निळा कागद, पांढऱ्या रेघा,
घडीवर इतका झिजलेला की पलीकडचा उजेड दिसावा.
उजव्या कोपऱ्यात मोहरीएवढी अक्षरं:
ग. चिं. पौनीकर, नगर वास्तुकार, १९२६.

कोनशिलेवर हे नाव नाही.
तिथे अध्यक्ष आहेत, उपाध्यक्ष आहेत,
चुन्याची देणगी देणारे शेटजी आहेत.

सर्व्हिस बुकात त्याचं आयुष्य अडीच पानांचं.
बाप कोष्टी. मुंबईचा डिप्लोमा, दुसरा वर्ग.
एकतीस वर्षं नोकरी, अकरा शाळा, दोन दवाखाने,
एक बंबखाना, सहा जकात नाके,
आणि बैलांना पाणी पाजायचे हौद, किती ते कुणी मोजलं नाही.
लाटसाहेब येणार म्हणून घाईने बांधलेला एक मनोरा,
ज्याच्या घड्याळाचे पैसे मंजूरच झाले नाहीत;
वर चार गोल भोकं, चारही दिशांना, त्यात कबुतरं.
लोक अजून म्हणतात, मनोऱ्यापाशी भेट, कबुतरं परतायच्या वेळी.

नाग नदीवरची त्याची मोरी खचली. एकोणीसशे तेहतीस.
एक बैलजोडी गेली, गाडीवान वाचला.
चौकशीत लिहिलंय: चुन्यात माती होती.
कुणी मिसळली, त्या ओळीवर शाई सांडली आहे.
सांडली की सांडवली, मला सांगता येणार नाही.
दोन वर्षं पगारवाढ बंद.
त्यानंतर दर घाणीचा चुना तो जिभेवर ठेवून बघायचा म्हणे.
कोण म्हणे? श्रावण. त्याला कुणी सांगितलं, ते त्यालाच ठाऊक.

पण मी थांबलो तो समासापाशी.
वरच्या साहेबाने लाल पेन्सिलीने विचारलंय:
खिडक्या जमिनीपासून दीडच फूट. चूक?
खाली शिसपेन्सिलीने, घाई नसलेल्या हाताने:
पोरं खाली बसतात.

बस्स. एवढंच स्पष्टीकरण.
मग मला त्याच्या बापाचा माग दिसला, जमिनीतला,
खड्ड्यात पाय सोडून बसलेला चिंधूजी,
मांडीच्या पातळीला भुई,
आणि भिंतीत तितक्याच खाली एक झरोका,
धोटा जातो-येतो तिथवर ऊन पोचावं म्हणून.
हे डिप्लोम्याला शिकवत नसावेत.

चारच्या सुमारास टेप घेऊन शाळेत गेलो.
पटावर कुणी उरलेलं नाही,
नंतर आणलेले बेंच मागच्या आवारात गंजतायत.
बाहेर पंचेचाळीस अंश, आत भिंत हाताला गार.
खिडकी मोजली: दीड फूट, वर अर्धा इंच.
शंभर वर्षांत फरशी तेवढी दबली असेल.
चौकीदाराची मुलगी पोटावर पडून गणितं सोडवत होती,
वहीवर उन्हाचा चौकोन,
तो सरकला की तीही वीतभर सरकायची,
पेन न उचलता.

फॉर्मवर "इमारत धोकादायक" छापूनच येतं,
लागू नसेल तर खोडायचं.
मी आधी उकिडवा बसलो, मग मांडी घातली.
कितीतरी वर्षांनी. गुडघा वाजला.
समोर गल्लीतल्या चपला, सायकलचं चाक,
एक बकरी, जिने माझ्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहिलं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला श्रावण
टेपचं कडं धरून कधीचा उभा:
साहेब, धरून राहू का सोडू?