दोन वाजता म्हणजे आठला

बासष्टाव्या वर्षी, निरोपाच्या सात शाली
आणि चांदीचा मुलामा दिलेले दोन गणपती कपाटात कोंबून
मी इथिओपियात पाणी शिकवायला निघाले.
गावाचं नाव अर्बा मिंच, म्हणजे चाळीस झरे.
माझ्या क्वार्टरला नळ होते तीन.
त्यातल्या एकाला महिन्यातून दोनदा
नुसता खोकला यायचा.

'हायड्रॉलिक्स, दोन वाजता', असं लिहिलं होतं वेळापत्रकात.
मी जेवून, जरा लवंडून, निऱ्या नीट करून गेले.
वर्गात कुणी नाही. व्हरांड्यात एक माकडीण
पिल्लाच्या उवा बघत बसलेली.
शिपाई झेलेके हळू आवाजात म्हणाला,
"मॅडम, आमचे तास उजाडल्यावर मोजायचे.
आमचे दोन ते तुमचे सकाळचे आठ.
मुलं वाट बघून गेली."
मिरजेत चौतीस वर्षांत एक लेट मार्क नाही,
आणि इथे पहिल्याच दिवशी सहा तास.

दुसऱ्या दिवशी बर्नुलीचं समीकरण मांडलं.
"कळलं?"
पहिल्या बाकावरच्या मुलुनेशनं झटकन श्वास आत ओढला,
अंगावर पाल पडावी तसा.
मग तिच्या मागच्यानं, मग सगळ्या रांगेनं.
मी वळून फळा पाहिला, पदर झटकला.
पाल नव्हती.
वर्गात दम्याची साथ आहे असं धरून
दोन आठवडे सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून शिकवलं,
तेव्हा कुठे कळलं, हा यांचा होकार.

डीनसाहेबांच्या घरी जेवण.
भल्यामोठ्या आंबोळीसारख्या इंजेरावर मसूर, कोबी, आणखी काय काय.
त्यांनी एक घास वळला आणि
सरळ माझ्या तोंडात घातला, जवळजवळ मनगटापर्यंत.
लग्नात ह्यांनी एकदा भरवला होता,
तोही फोटोग्राफर ओरडला म्हणून.
मी चावत राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं.
मग त्यांच्या बायकोची, आस्नाकेचबाईंची, कॉफी.
एका कपावर उठणं वाईट दिसतं, तिसऱ्यात आशीर्वाद असतो.
झोप कितव्यात जाते, ते कुणी बोललं नाही.

आणि तामिरात. नावाचा अर्थ चमत्कार.
पहिल्या चाचणीत शंभरात अकरा.
त्याच्या पेपरात पाणी बिनधास्त चढ चढायचं.
तोच संध्याकाळी दारात, खांद्यावर पिवळा कॅन,
खालच्या झऱ्यावरून वर आणलेलं वीस लिटर.
म्हटलं, "मार्क वाढायचे नाहीत हं."
त्यानं श्वास आत ओढला.
कॅन स्टुलावर ठेवला, नळी घातली, तोंडानं ओढली,
बादलीत धार लागली.
चौतीस वर्षं मी फळ्यावर काढत आलेली आकृती
माझ्या मोरीत पहिल्यांदाच चालू झाली.
मी तशीच उभी. बादली भरून वाहिली,
तेव्हा ओरडला तोच.

त्यांच्या वर्षाला महिने तेरा, शेवटचा पाचच दिवसांचा.
मी कौतुकानं 'दुष्काळात तेरावा महिना' समजावून सांगितलं.
झेलेके म्हणाला, त्या महिन्याचा पगार नसतो.
म्हणजे म्हण तिथेही लागू.

एकदा हजेरीवर तारीख घालताना हात थांबला.
त्यांचं साल आपल्यापेक्षा सात वर्षं मागे.
हे जाऊन पाच झाली होती.
म्हणजे त्या कागदावर हे अजून होते,
घरात डोक्यावरचा चष्मा शोधत,
भात गिचका झाला म्हणून कुरकुरत.
सही जरा सावकाश केली.

आता परत मिरजेत.
सून विचारते, "आई, चहा टाकू?"
मी श्वास आत ओढते, ती पंप घेऊन धावत येते.
नातू मात्र शिकलाय.
"गृहपाठ झाला?" म्हटलं की
पाल पडल्यासारखा श्वास ओढतो.
खोटं बोलत असला तर
किंचित जास्तच.