चिमटा

मुहर्रकच्या गल्लीत दुपार पांढरीफटक.
मकरंदनं पाण्याच्या बाटल्या घेतल्या, टोप्या विसरला.
मोत्यांच्या व्यापाऱ्याचं घर, प्रवाळी दगडाच्या भिंती,
पितळी चाळण्या, एकीत एक बसणाऱ्या,
आणि काचेखाली कासवाच्या पाठीचा
बोटभर चिमटा.

"पाणबुडे हा नाकाला लावायचे," नजीबा सांगते,
"पायाला दगड. एका दमात तळ.
बाप गेला की त्याची उधारी मुलाच्या नावावर."

सुलूआत्यानं चष्मा पुसला, पुन्हा वाकली.
तिची नथ सांगलीला, बँकेच्या लॉकरात.
पणजीपासूनचे बसरा मोती.
बसरा म्हणजे मोत्यांची जात असेल,
आंब्यात हापूस तशी,
एवढंच ठाऊक होतं आम्हाला.
तळाशी कोणी गेलं असेल
हे कुठल्याच लग्नात निघालं नाही.

बाहेर समुद्र भराव टाकून मागे ढकललेला,
त्याच्या जागी गाड्या उभ्या.
"माझा फोटो नको काढूस," आत्या म्हणाली,
आणि भर रस्त्यात
दोन बोटांनी नाक गच्च धरून
डोळे मिटले.
दुसऱ्या हाताची बोटं पेरं मोजत होती.

आम्ही नुसते उभे.
सव्विसाव्या पेराला तिनं श्वास सोडला,
लाल झाली, खोकली.

मकरंद म्हणाला, समोर करक चहा मिळतो.